वायरलेसवर नाव कोणाचे?



जुनी खोली विकत घेतली की आपण आधी रंग देतो, कुलूप बदलतो. वीजमीटरवरचे नाव बदलायचे मात्र राहून जाते. दिवा लागतो, पंखा फिरतो, मग घाई कसली? पुढे एखादे दिवशी कचेरीतला साहेब ‘हे नाव तुमचे नाही’ म्हणतो, तेव्हा धावाधाव सुरू होते.

हीच चूक समुद्रावर झाली, तर धावाधाव करायलाही वेळ उरत नाही. रत्नागिरी-रायगडकडच्या ज्या घरातील माणूस बोटीवर नोकरीला आहे, त्या घराला ‘व्हीएचएफ’ हा शब्द नवा नाही. जवळच्या बोटींशी आणि किनाऱ्याशी बोलण्याचा हा वायरलेस संच. लहान खासगी नौकेवरही तो असतो. अशी नौका परदेशात विकत घेतली, तर त्या संचाचे काय करायचे, ते आज पाहू.

समजा, इंग्लंडमधील एका गृहस्थाने अमेरिकेतील जुनी शिडाची नौका घेतली. संच १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो, अँटेनाही तीच चालते. बटण दाबले की आवाज येतो. गृहस्थ निर्धास्त होतो. इथेच फसगत होते.

चॅनेल तेच, बोलणे वेगळे

संकटाच्या हाकेचे चॅनेल १६ (१५६.८ मेगाहर्ट्झ) जगभर एकच आहे. परंतु इतर काही चॅनेलांची मांडणी अमेरिकेत वेगळी आहे. चॅनेल ८० घ्या. इंग्लंडमध्ये नौका थांबण्याच्या धक्क्यांशी याच चॅनेलवर बोलतात. तेथे नौका १५७.०२५ वर बोलते आणि धक्का १६१.६२५ वर उत्तर देतो. अमेरिकन मांडणीत बोलणे आणि ऐकणे दोन्ही १५७.०२५ वरच. म्हणजे आपण हाक मारतो, धक्क्यावरचा माणूस ओ देतो, पण ती ओ आपल्या कानी येत नाही. आपल्याला वाटते, माणूस उद्धट आहे!

उपाय सोपा आहे. बहुतेक संचांत अमेरिकन आणि आंतरराष्ट्रीय मांडणी बदलण्याची सोय असते. ती आंतरराष्ट्रीयवर आणावी. इंग्लंडमधील नौका क्लबांची एम आणि एम-२ ही खास चॅनेले मात्र अशा संचात बहुधा नसतात. शिवाय अमेरिकन बाजारासाठी बनवलेल्या संचाला तिकडची मान्यता असेलच असे नाही. ती नसेल, तर नवा संच घेणेच बरे.

नऊ आकडी नाव

खरा प्रश्न पुढे आहे. आजच्या संचांवर झाकणाखाली एक लाल बटण असते. ते काही सेकंद दाबून धरले की चॅनेल ७० वरून संकटाचा संदेश आपोआप जातो. त्यात नौकेचा नऊ आकडी क्रमांक असतो. त्याला एमएमएसआय म्हणतात. संचाला जीपीएस जोडलेला असेल, तर ठिकाणही जाते. या क्रमांकाचे पहिले तीन आकडे देश सांगतात. भारताचे ४१९, ब्रिटनचे २३२ ते २३५, अमेरिकेचे ३३८ आणि ३६६ ते ३६९.

नौका विकली गेली, तरी संचात जुनाच क्रमांक राहतो. संकटात बटण दाबले की तटरक्षक दल नोंदवही पाहते. तेथे नाव जुन्या मालकाचे, घरचा फोनही त्याचाच. अमेरिकेत देशापुरते दिलेले काही क्रमांक तर आंतरराष्ट्रीय नोंदीत मिळतच नाहीत. शोध थांबत नाही, पण वेळ जातो. थंड पाण्यात पडलेल्या माणसाला तो परवडत नाही.

म्हणून नौका नव्या देशात नोंदवावी आणि नवा क्रमांक घ्यावा. ब्रिटनमध्ये ऑफकॉम ही संस्था नौकेच्या वायरलेसचा परवाना ऑनलाइन मोफत देते. संच वापरणाऱ्याला वेगळे प्रमाणपत्र लागते. अडचण अशी, की बहुतेक संचांत हा क्रमांक वापरणाऱ्याला एकदाच, फार तर दोनदा भरता येतो. कोणी खोटे नाव धारण करू नये, हा त्यामागचा हेतू. जुना क्रमांक पुसायला संच कंपनीकडे किंवा अधिकृत डीलरकडेच न्यावा लागतो. उपग्रहाला संकटाचा इशारा देणारे ४०६ मेगाहर्ट्झचे यंत्र नौकेवर असेल, तर त्याचीही नोंद आणि सांकेतिक क्रमांक बदलावा लागतो.

काम झाले की खात्री करावी. पण त्यासाठी लाल बटण कधीही दाबू नये! शेजारच्या नौकेला साधा डिजिटल कॉल करावा आणि तिच्या पडद्यावर कोणता क्रमांक उमटतो ते पाहावे.

नद्यांचा वेगळा नियम

हीच नौका ऱ्हाइन नदीत न्यायची असेल, तर आणखी एक नियम आहे. २००० साली बासेल येथे झालेल्या करारानुसार अशा जलमार्गांवरील संच प्रत्येक बोलण्याच्या शेवटी आपली ओळख आपोआप पाठवतो. त्यासाठी ९ ने सुरू होणारा दहा आकडी क्रमांक लागतो. समुद्रावर येताच ही सोय बंद करायची असते.

नोंद महत्त्वाची

आपल्या आयटीआयमधील मुलामुलींनी हे लक्षात घ्यावे. नुसती तार जोडून कारागिराचे काम संपत नाही. यंत्र बोलते, पण कोणाच्या नावाने बोलते, हे पाहणारा खरा कारागीर.

नाव बदलण्याचे मोल आपल्या समाजाला कोणी शिकवायला नको. १९५६ साली आपण धम्म स्वीकारला. परंतु अनुसूचित जातींच्या केंद्रीय यादीत बौद्धांची दखल घेतली जाण्यास १९९० साल उजाडावे लागले. मधल्या काळात दाखल्यासाठी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवलेली माणसे आजही आपल्या घरांत आहेत. नाव मनात बदलून भागत नाही, ते नोंदीतही बदलावे लागते. मग ते शाळेच्या दाखल्यावरचे असो, वीजमीटरवरचे असो, नाहीतर भर समुद्रातल्या वायरलेसमधले असो.

जयभीम!