‘दुखणे’ या शब्दाचा अर्थ आणि स्तनाच्या कर्करोगाचे निदान

मराठीत ‘दुखणे’ हे क्रियापद आहे, तसेच ते नामही आहे. डोके दुखते असे म्हटले म्हणजे वेदनेचा बोध होतो. माणूस दुखण्यातून उठला असे म्हटले म्हणजे व्याधीचा. रोग्यास ‘दुखणाईत’ म्हणतात तेही याच शब्दाच्या आधाराने. वेदना आणि व्याधी या दोन भिन्न गोष्टी अशा रीतीने एकाच शब्दात सामावल्या आहेत. दैनंदिन व्यवहारात त्यामुळे फारसे अडत नाही. परंतु स्तनाच्या कर्करोगाच्या बाबतीत मात्र हे साहचर्य घातक ठरू शकते. कारण या रोगाची आरंभीची गाठ बहुधा दुखत नाही. जे दुखत नाही ते दुखणे नव्हे, असा ग्रह सहज होतो आणि उपचारांच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा काळ निघून जातो.

वेदनेवाचून वाढणाऱ्या गाठीचे ज्ञान आपल्या परंपरेस अपरिचित नव्हते. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात ‘अर्बुदा’चे जे वर्णन आहे, त्यात ते वाटोळे, स्थिर, अल्प वेदनेचे, खोल मूळ असलेले, सावकाश वाढणारे आणि न पिकणारे असते असे सांगितले आहे. गळू दुखते, पिकते आणि फुटून मोकळे होते. अर्बुदाचे तसे नाही. हा भेद शास्त्रग्रंथांत राहिला; लोकव्यवहारात मात्र गाठीची परीक्षा ‘दुखते की नाही’ या एकाच कसोटीवर होत राहिली.

‘कर्करोग’ हा शब्दही या संदर्भात विचारात घेण्याजोगा आहे. कर्क म्हणजे खेकडा. ग्रीक वैद्यकातील खेकडावाचक संज्ञेचा हा संस्कृत प्रतिशब्द होय. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील वैद्य गॅलेन याने या नावाचा संबंध स्तनातील गाठीशी आणि तिच्या सभोवती फुगलेल्या, खेकड्याच्या पायांसारख्या दिसणाऱ्या शिरांशी जोडला. अर्थात् या नावामागील चित्र पुष्कळ वाढलेल्या रोगाचे आहे. आरंभीच्या अवस्थेत असे काहीच दृष्टीस पडत नाही.

तिसरी अडचण संकोचाची. मराठीत आई मुलास ‘अंगावर पाजते’. तिचे दूध ते ‘अंगावरचे दूध’. स्तनाचा उच्चार टाळून ‘अंग’ या व्यापक शब्दाने काम भागविले जाते. हे सौजन्य घरगुती संभाषणात शोभते. परंतु तपासणीच्या वेळी नेमका अवयव, नेमकी बाजू आणि नेमकी जागा सांगावी लागते. तेथे ‘अंगात जरा काहीतरी वाटते’ या उत्तराने काहीच कळत नाही. अशी स्त्री बहुधा ते दुखणे ‘अंगावर काढते’. विलंबाचे खापर केवळ भाषेवर फोडणे अर्थातच योग्य नव्हे. खर्च, रुग्णालयाचे अंतर, घरकामाचा भार, निदानाची भीती आणि पुरुष डॉक्टरांपुढील लज्जा ही कारणे तितकीच प्रबळ आहेत. तथापि प्रश्न विचारण्याची पद्धत बदलणे हे त्यांपैकी सर्वांत अल्पव्ययाचे काम आहे.

‘काही दुखते का?’ या प्रश्नाऐवजी ‘काही बदलले आहे का?’ असे विचारले पाहिजे. स्तनात किंवा काखेत नवी गाठ अथवा घट्टपणा. आकारात पडलेला फरक. त्वचेवर खळगा पडणे किंवा ती संत्र्याच्या सालीसारखी दिसणे. स्तनाग्र नव्याने आत ओढले जाणे. त्यातून आपोआप, विशेषतः रक्तमिश्रित, स्राव येणे. स्तनाग्रावरील बरा न होणारा चट्टा किंवा लाली, हे ते बदल होत. यांपैकी एक जरी आढळला तरी डॉक्टरांकडे जावे. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. परंतु ती कोणत्या प्रकारची आहे हे हातास लागणाऱ्या स्पर्शावरून किंवा वेदनेच्या अभावावरून घरी ठरविता येत नाही. हा रोग क्वचित् पुरुषांसही होतो.

लवकर निदानाच्या उपायांविषयीचे पुरावे तारतम्याने पाहावे लागतात. शांघाय येथील कापड गिरण्यांतील २,६६,०६४ स्त्रियांच्या अभ्यासाचे २००२ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे की, स्वपरीक्षणाचे पद्धतशीर शिक्षण दिल्याने मृत्युसंख्या घटली नाही. यास्तव ठराविक विधी दरमहा पार पाडण्यापेक्षा आपल्या शरीराची ओळख ठेवणे आणि बदल दिसताच तपासून घेणे यांवर आज भर दिला जातो. मुंबईत टाटा स्मारक केंद्राने १९९८ मध्ये आरंभिलेल्या अभ्यासात ३५ ते ६४ वर्षे वयाच्या १,५१,५३८ स्त्रिया होत्या. त्यांपैकी एका गटाची तपासणी प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, चार फेऱ्यांत, केवळ हाताने केली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तिसऱ्या वा चौथ्या अवस्थेत आढळलेल्या रोगाचे प्रमाण या गटात ३७ टक्के, तर दुसऱ्या गटात ४७ टक्के होते. एकंदर मृत्युदरातील १५ टक्के घट संख्याशास्त्रीय कसोटीस उतरली नाही; ५० व त्याहून अधिक वयाच्या स्त्रियांत मात्र ती सुमारे ३० टक्के आढळली.

भारत सरकारच्या २०१६ च्या कार्यपद्धतीत ३० ते ६५ वर्षांच्या स्त्रियांची अशी तपासणी दर पाच वर्षांनी करण्याची तरतूद आहे. संशय आल्यास मॅमोग्राफी किंवा सोनोग्राफी आणि त्यानंतर सुईने काढलेल्या पेशीसमूहाची परीक्षा, हा निदानाचा क्रम होय. सुई लावल्याने रोग पसरतो ही समजूत निराधार आहे. गाठ लहान असताना कळली तर अनेकदा पूर्ण स्तन काढावा लागत नाही आणि रोगमुक्तीचा संभव पुष्कळ वाढतो.

जागतिक अनुमानानुसार २०२२ या एका वर्षात भारतात या रोगाचे सुमारे १,९२,००० नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ९८,००० मृत्यू झाले. आरोग्यपत्रके व प्रश्नावली रचणाऱ्यांनी, तसेच त्यांची भाषा तपासणाऱ्या अभ्यासकांनी, या पार्श्वभूमीवर एक वाक्य प्रत्येक पत्रकात अवश्य घालावे: गाठ दुखत नाही, म्हणूनच ती दाखवावी.