नळ कोरडा, भाडे चालू

न्यूयॉर्कमध्ये १ ऑक्टोबर ते ३१ मे हा घरे उबदार ठेवण्याचा हंगाम कायद्यानेच ठरवून दिलेला आहे. दिवसा बाहेरचा पारा ५५ अंश फॅरनहाइटच्या खाली गेला, की घरात निदान ६८ अंश राखणे ही घरमालकाची जबाबदारी. आपल्या उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूरच्या भाडेकरूला ऊब कोण देणार? ती एप्रिलात फुकट मिळते. इथे बंद पडते ते पाणी.

तसे बारवी धरण बदलापूरच्या जवळच. उल्हास नदी तर गावाला लागूनच वाहते. तरी संध्याकाळच्या गाडीने उतरलेला माणूस घरी पोचताच आधी विचारतो, ‘मोटार लागली का?’

स्वस्त म्हणून इथे फ्लॅट घेऊन तो भाड्याने देणारे मालक बहुधा नोकरदारच. बँकेत असताना अशी कर्जप्रकरणे माझ्या हाताखालून पुष्कळ गेली. टायटल, नकाशा, पगारपत्रक, जामीनदार, सारे तपासले जाई. टाकीत पाणी चढते का, हे विचारणारा रकाना मात्र छापील अर्जात नव्हता.

कायद्याला हा प्रश्न पडलेला आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ याच्या कलम २९ प्रमाणे पाणी, वीज, जिन्यातले दिवे, सफाई या अत्यावश्यक सोयी सबळ कारणाशिवाय तोडता येत नाहीत. भाडे थकले म्हणून नळाची चावी फिरवणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. शिवाय मालकाच्या चुकीमुळे नगरपालिकेने किंवा अन्य अधिकाऱ्यांनी पाणी तोडले, तर तेही मालकानेच अडवले असे धरले जाते. म्हणजे थकलेले बिल हाही त्याचाच गुन्हा. धरणातच पाणी नसेल तर गोष्ट वेगळी. घर दुरुस्त ठेवणे कलम १४ ने मालकावर टाकले आहे. पंधरा दिवसांची नोटीस देऊनही तो हलला नाही, तर भाडेकरूने दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करावा. मात्र वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंतच.

अडचण पुढेच आहे. ही दोन्ही कलमे बोलतात ती भाडेकरूबद्दल. आजचा बदलापूरचा बिऱ्हाडकरू बहुधा अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सवर असतो, आणि कायद्याच्या भाषेत तो भाडेकरू नव्हे, परवानाधारक. जुन्या चाळीतल्या माणसाला जे कवच आहे, ते त्याला तसेच्या तसे मिळेल याची खात्री नाही. त्याच्या हाती उरतो तो करार.

मालकांनीही निर्धास्त राहू नये. कलम ५५ प्रमाणे करार लेखी करून नोंदवणे ही मालकाचीच जबाबदारी आहे. तो नोंदवलेला नसेल, तर अटींबाबत राहणाऱ्याचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. ते खोटे ठरवायचे मालकाने. ‘चोवीस तास पाणी देतो म्हणाले होते,’ असे समोरच्याने सांगितले, तर काय करणार?

असे करार मी बरेच वाचले आहेत. पंखे चार, ट्यूबलाइट तीन, गीझर एक, अशी यादी असते. पाणी किती वाजता येते, मोटार जळली तर कोणाला सांगायचे, टँकरचे पैसे कोणी भरायचे, याबद्दल एक ओळ सापडत नाही. डिपॉझिटचा आकडा मात्र अक्षरीसुद्धा लिहिलेला असतो.