हृदयाचे नवे औषध : आशा खरी, घाई नको

हृदयविकाराचा मोठा झटका आला की हृदयाच्या स्नायूचा काही भाग कायमचा मरतो. खरचटलेली कातडी भरून येते, मोडलेले हाड सांधते, पण हा स्नायू जवळजवळ पुन्हा तयार होत नाही. त्यामुळे ‘मेलेले हृदय जिवंत करू’ असे कुणी सांगितले, की घरची माणसे दागिने विकायलाही तयार होतात.

दिल्लीतील प्रयोग

देशातील पहिले यशस्वी हृदयरोपण १९९४ मध्ये दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये डॉ. पी. वेणुगोपाल यांनी केले. तिथेच २००३ मध्ये रुग्णाच्या स्वतःच्या अस्थिमज्जेतील मूळपेशी, म्हणजे स्टेम सेल्स, हृदयात सोडण्याचे प्रयोग सुरू झाले. या पेशींपासून नवा स्नायू तयार होईल, अशी आशा होती. मात्र पुढे जगभरच्या संशोधनात आढळले, की सोडलेल्या बहुतेक पेशी थोड्याच दिवसांत नाहीशा होतात.

मग काही प्रयोगांत फायदा दिसला तो कशामुळे? शास्त्रज्ञांचे लक्ष गेले ते पेशी बाहेर टाकतात त्या इवल्याशा पिशव्यांकडे. त्यांना एक्सोसोम म्हणतात. त्यांचा आकार साधारण ३० ते १५० नॅनोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीच्या शेकडो पट लहान. एका पेशीचा निरोप त्या दुसरीकडे पोहोचवतात. सिंगापूरच्या शास्त्रज्ञांनी २०१० मध्ये उंदरांवर प्रयोग केला, तेव्हा या पिशव्यांमुळे हृदयाची हानी कमी झाल्याचे दिसले. त्या रक्तातही सापडतात. त्यामुळे त्यांच्यावरून हृदयविकार लवकर ओळखता येईल का, याचाही शोध चालू आहे.

पैसे देण्यापूर्वी

परंतु हे अजून संशोधनच आहे, दवाखान्यात मिळणारे औषध नव्हे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नियमांनुसार, रक्ताचे काही विकार वगळता मूळपेशींचा वापर केवळ मंजूर चाचणीतच करता येतो आणि त्यासाठी रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. तेव्हा कुणी असा उपचार सुचवला तर चाचणीचा सरकारी नोंदणी क्रमांक मागा. क्रमांक न देता लाखांचा आकडा सांगितला, तर तिथून उठा.

आणि छातीत दुखू लागले, घाम फुटला, डावा हात भरून आला, तर ‘गॅस असेल’ म्हणत बसू नका. ईसीजी आणि रक्तातील ट्रोपोनिनची तपासणी आजही उपलब्ध आहे. मेलेला स्नायू परत आणणे कठीण आहे, पण वेळेवर रुग्णालय गाठले तर तो वाचवता येतो.