यंत्राचा दुभाष्या

आपल्या भिवंडींत माग बिघडला म्हणजे मालक जॉबरास बोलावितो. जॉबर माग उघडतो, कोठें काय झिजलें तें पाहतो, आणि थोड्या वेळानें धोटा पुन्हां धांवूं लागतो. माग बनविणारा कारखाना बंद पडून वर्षें लोटलीं असलीं, तरी त्याचें कांहीं अडत नाहीं. आतां त्याच मागाचा एखादा भाग कोणास उघडतां न येणाऱ्या पेटींत घालून विकला तर काय होईल? संगणकाच्या जगांत हा प्रश्न पुष्कळ वर्षें वादाचा होऊन बसला आहे.

संगणकास जोडलेलें प्रत्येक उपकरण आपापल्या खुणा जाणतें. त्या खुणा व संगणकाची मुख्य प्रणाली यांमध्यें दुभाष्याचें काम करणाऱ्या आज्ञावलीस ड्रायव्हर म्हणतात. लिनक्स प्रणालीचा गाभा, ज्यास कर्नेल म्हणतात, तो लिनस टोरवाल्ड्स ह्या हेलसिंकीच्या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं लिहावयास घेतला. १९९२ पासून त्याची अट अशी कीं, तो कोणीही वाचावा, सुधारावा. मात्र वांटतांना मूळ लेखनही द्यावें. सी-डॅक ह्या सरकारी संस्थेची 'बॉस' ही प्रणाली, जींत मराठीचीही सोय आहे, ती ह्याच गाभ्यावर उभी आहे.

बहुतेक ड्रायव्हर गाभ्याबरोबरच ठेवलेले असतात. गाभ्याची आंतील रचना वारंवार बदलते, आणि जो बदल करितो तोच त्या ड्रायव्हरांतही जरूर ते फेरफार करितो. परंतु कित्येक कंपन्या मूळ लेखन न देतां शून्य व एक ह्या अंकांत उतरविलेली प्रतच देतात. यंत्रास ती कळते. माणसास वाचणें महाकठीण. अशी प्रत चढवितांच गाभा स्वतःवर 'डागाळलेला' अशी खूण करितो. कारण पुढील बिघाडाचें मूळ शोधण्याची सोयच राहत नाहीं. २००८ सालीं गाभ्यावर काम करणाऱ्या शंभराहून अधिक जणांनीं सही करून अशा ड्रायव्हरांस विरोध नोंदविला.

आमच्या संगणकांपैकीं एकांत असेंच वायफायचें कार्ड होतें. प्रणाली नवी केली, आणि तें मुकें झालें. कार्ड शाबूत होतें. नव्या गाभ्याजोगा ड्रायव्हर मात्र कंपनीनें पुन्हां काढिलाच नाहीं. मुलांना तो संगणक वर्षभर जाळ्याविना वापरावा लागला.

कंपन्यांचें म्हणणें अगदींच पोकळ नाहीं. युक्ति उघड झाली तर प्रतिस्पर्धी ती उचलील, शिवाय कांहीं भाग दुसऱ्यांकडून अटींवर घेतलेले असतात. तरीही एन्व्हिडिया कंपनीनें मे २०२२ मध्यें आपल्या चित्रदर्शक चिपांच्या ड्रायव्हरचा गाभ्यांत बसणारा भाग खुला केला. अर्थात् चिपेवर चालणारी आज्ञावली बंदच राहिली; पेटींतून आणखी एक पेटी निघाली म्हणा ना!

पालकांनीं लिनक्ससाठीं उपकरण घेतांना, त्याचा ड्रायव्हर गाभ्यांतच आहे कीं कंपनीकडून वेगळा आणावा लागतो, एवढें दुकानदारास अवश्य विचारावें.