थेंबाचा वेग आणि मातीचा हिशेब

तालुक्याच्या कचेरीच्या आवारातील पर्जन्यमापकात साठलेले पाणी रोज सकाळी मोजून त्याचा आकडा वहीत चढविण्याची जी वहिवाट आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, तिच्या आधारे सुकाळ-दुष्काळाचा, पीकपाण्याचा आणि पर्यायाने सरकारी महसुलाचाही अंदाज बांधता येतो, हे खरे. परंतु ते पाणी कोणत्या आकाराच्या थेंबांनी आले आणि कोणत्या वेगाने जमिनीवर आदळले, हे त्या आकड्यातून मुळीच कळत नाही. बारीक भुरभुरीचे १० मिलिमीटर आणि वळवाचे १० मिलिमीटर दफ्तरात एकच. शेतातल्या मातीला मात्र त्या दोहोंत पावणेपाच पटींची तफावत सोसावी लागू शकते. ही तफावत उत्पन्न होते कोठून, हे समजण्यासाठी थेंब पडतो म्हणजे नेमके काय घडते, ते पाहिले पाहिजे.

दोन किलोमीटर उंचीवरून सुटलेला थेंब, वाटेत हवा नसती तर, जमिनीवर येईपर्यंत ताशी ७०० किलोमीटरच्या वेगाला पोहोचला असता, आणि तो लहान असो वा मोठा, त्याच्या वेगात कसलाही भेद झाला नसता. प्रत्यक्षात मोठ्यातला मोठा थेंबही ताशी ३३ किलोमीटरपलीकडे सहसा जात नाही. याचे कारण असे की, गुरुत्वाकर्षणाची ओढ थेंबाच्या वजनाइतकीच कायम राहते, तर हवेचा रोध त्याच्या वेगाबरोबर वाढत जातो. त्यामुळे पडू लागल्यानंतर अल्पावधीतच असा क्षण येतो की ओढ आणि रोध समसमान होतात, वेगाची वाढ खुंटते आणि उरलेली सारी वाट थेंब एकाच चालीने उतरतो. या वेगाला अंतिम वेग म्हणतात. तो थेंब किती उंचावरून आला यावर ठरत नाही; तो ठरतो मुख्यतः थेंबाच्या आकारावर.

अतिसूक्ष्म थेंबांपुरता हा नियम केंब्रिजचे गणिती जॉर्ज गेब्रिएल स्टोक्स यांनी १८५१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रबंधात मांडला. प्रबंधाचा मूळ विषय लोलकाच्या गतीला हवेच्या श्यानतेमुळे होणारा अडथळा हा होता. पण त्याच गणिताने ढग आकाशात टिकून कसे राहतात याचाही उलगडा होतो, हे त्यांनी तेथेच दाखवून दिले. लहान थेंबाचा व्यास दुप्पट झाला की त्याचा वेग चौपट होतो, असा हा नियम आहे, आणि म्हणूनच व्यास कमी होऊ लागला की वेग झपाट्याने नाहीसा होतो. ढगातील जलकणाचा व्यास मिलिमीटरच्या पन्नासाव्या हिश्शाएवढा धरला, तर तो सेकंदाला जेमतेम सव्वा सेंटिमीटर उतरतो. एक किलोमीटर खाली यायला त्याला जवळजवळ एक अहोरात्र लागेल, आणि तोवर वर चढणारी हवा त्याला उचलून तरी नेईल किंवा ढगाखालच्या कोरड्या हवेत त्याची वाफ तरी होईल. ढग तरंगत असतो असे आपण म्हणतो. वस्तुतः त्याचा प्रत्येक कण अखंड पडतच असतो. असे दहा लाख कण एकत्र यावेत तेव्हा दोन मिलिमीटर व्यासाचा एक थेंब तयार होतो, आणि तो मात्र सेकंदाला साडेसहा मीटर वेगाने खाली येतो.

मोठ्या थेंबांची गोष्ट निराळी, आणि माझ्या मते अधिक मनोवेधक आहे. तिच्या इतिहासात १९०४ हे साल महत्त्वाचे. त्या वर्षी अमेरिकेतील व्हरमाँट राज्याच्या जेरिको गावचे शेतकरी विल्सन बेंटली यांनी थेंबांच्या आकारासंबंधीची आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. हिमकणांच्या छायाचित्रांसाठी ज्यांचे नाव पुढे जगभर झाले, तेच हे बेंटली. बारीक दळलेल्या गव्हाच्या पिठाची उथळ थाळी ते काही क्षण पावसात धरीत. थेंबागणिक पिठाची एकेक गोळी वळली जाई, ती वाळली की तिचा व्यास मोजता येई. आणि ती गोळी थेंबाच्या मूळ आकाराची साक्ष खरी देते की नाही, याची खात्री त्यांनी ठाऊक व्यासाचे थेंब उंचावरून पिठात पाडून करून घेतली होती. हाताशी पीठ आणि थाळी यांखेरीज काहीही नसताना एका शेतकऱ्याने निसर्गाला इतका अचूक प्रश्न विचारावा, याचे मला मोठे मोल वाटते. त्याच वर्षी जर्मनीत फिलिप लेनार्ड यांनी खालून वर वाहणाऱ्या हवेच्या झोतात थेंब अधांतरी तोलून धरले आणि त्यांचे रूप न्याहाळले.

त्यातून असे दिसले की, चित्रकार काढतात तसा वर निमुळता होत गेलेला थेंब आकाशातून पडतच नाही. एखाद्या मिलिमीटरपर्यंतचा थेंब पृष्ठताणामुळे जवळजवळ पूर्ण गोल असतो. त्याहून मोठा झाला की खालून दाबणाऱ्या हवेने त्याचा तळ चपटा होतो आणि तो भट्टीतून निघालेल्या पावाच्या आकाराला येतो. चपटेपणाबरोबर रोधही वाढतो, त्यामुळे थेंबाचा व्यास पाच मिलिमीटरच्या आसपास गेल्यावर वेगात भर पडणे जवळपास थांबते. त्यापुढे मधला भाग वर फुगून पातळ पिशवी होते, ती फुटते, आणि एका थेंबाचे अनेक होतात. याच कारणाने पावसाच्या थेंबाला आकाराचीही मर्यादा आहे.

वेगांची विश्वसनीय मोजदाद १९४९ साली अमेरिकेच्या हवामान खात्यातील रॉस गन आणि गिल्बर्ट किंझर यांनी केली. विद्युतभार दिलेले थेंब धातूच्या नळकांड्यांतून पाडून त्यांनी कालांतर टिपले. त्यांच्या मोजणीप्रमाणे एक मिलिमीटरचा थेंब सेकंदाला ४ मीटर, चार मिलिमीटरचा ८.८ मीटर आणि पाच मिलिमीटरचा ९.१ मीटर वेगाने पडतो. हे आकडे समुद्रसपाटीजवळच्या हवेचे होत. उंचावर हवा विरळ असल्याने तेथे तोच थेंब अधिक वेगाने येतो आणि जमिनीकडे येताना मंदावत जातो.

वळवाचे पहिले थेंब टपोरे आणि विरळ का असतात, हेही यावरून समजते. दोन किलोमीटरचे अंतर पाच मिलिमीटरचा थेंब पावणेचार मिनिटांत काटतो, एक मिलिमीटरच्या थेंबाला सव्वाआठ मिनिटे लागतात. एकाच ढगातून एकाच वेळी निघालेल्यांपैकी मोठे आधी पोहोचतात. उलट सह्याद्रीच्या माथ्यावर जून-जुलैत जो पाऊस लागतो, त्यातला बराचसा ठेंगण्या ढगांतून, लहान थेंबांनी पडणारा असतो. पुण्याच्या भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेने महाबळेश्वरी २०१२ मध्ये उभारलेल्या प्रयोगशाळेत थेंबांचा आकार मोजणारी यंत्रे बसविली आहेत, आणि पर्जन्यमापकाच्या वहीत जी नोंद नसते ती तेथे होत असते.

तिची गरज शेतीला आहे. चार मिलिमीटरच्या थेंबाचे वस्तुमान एक मिलिमीटरच्या थेंबाच्या चौसष्टपट, आणि वेग सव्वादोनपट. म्हणून त्याची आघातशक्ती तीनशेपट भरते; आणि थेंबाला थेंब न लावता तेवढ्याच पाण्याला पाणी लावले, तर आरंभी सांगितलेली पावणेपाच पटींची तफावत उरते. अशा आघाताने मातीची ढेकळे फुटतात, सुटे कण उडतात, भूपृष्ठावरील सूक्ष्म छिद्रे बुजून जमीन खपली धरते, आणि मग जे पाणी मुरायचे ते माती घेऊन ओहोळाला लागते. धूप होते ती वाहत्या पाण्याने, असा आपला समज आहे. तिचा आरंभ पुष्कळदा त्याआधीच, थेंबाच्या माऱ्याने झालेला असतो.

झाडाखाली हा मारा चुकतो असे मानणे स्वाभाविक आहे. परंतु उंच सागाच्या बाबतीत ते खरे ठरत नाही. सागाच्या रुंद पानांवर बारीक पाऊसही साचून टपोऱ्या थेंबांनी गळू लागतो, आणि पाच मिलिमीटरच्या थेंबाला अंतिम वेगाचे नऊ-दशांश गाठायला सुमारे आठ मीटर उंची पुरते. म्हणजे भुरभुर पावसातही सागाखालच्या उघड्या मातीला वळवाचा मार बसतो. तेच जमिनीलगत ३० सेंटिमीटर उंचीचे झुडूप असेल, तर त्याच्या पानावरून निसटलेल्या तेवढ्याच थेंबाची आघातशक्ती अंतिम वेगाने येणाऱ्या थेंबाच्या चौदाव्या हिश्शाइतकीच उरते; आणि पाचोळा शाबूत असेल, तर थेंब त्याच्यावरच फुटतो व पाणी मातीपर्यंत पोहोचते ते झिरपत.