शेजाऱ्याचें कुत्रें घरीं ठेवावें काय ?

उन्हाळा लागला म्हणजे खानदेशांत घरोघर प्रवासाची तयारी सुरू होते. चैत्रांत कित्येक मंडळी पायीं सप्तशृंगीच्या गडास निघतात. ज्येष्ठांत मुक्ताईची पालखी पंढरीची वाट धरते, आणि तिच्यासवें गेलेला मनुष्य महिनाभर घराबाहेर असतो. कोणी लग्नकार्यास जातो, कोणी मुलाबाळांसह आजोळीं. अशा वेळीं शेजारी येऊन म्हणतो, "आमचें कुत्रें तेवढे दिवस तुमच्याकडे राहूं द्या." दारांत कुत्रें शेपूट हालवीत उभें असतें, घरांतील मुलें टाळ्या पिटूं लागतात, आणि वडील माणूस भिडेस पडून 'बरें' म्हणून जातो. या एका 'बरें' मध्यें काय काय सामावलें आहे, याचा विचार करावयाचें आम्ही येथें योजिलें आहे.

प्रथम कायदा काय म्हणतो तें पाहूं. प्राण्यांस निर्दयतेनें वागविण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम १९६० सालीं झाला. त्यांत 'मालक' या शब्दाच्या व्याख्येंत खऱ्या धन्याबरोबरच, तूर्त ज्याच्या ताब्यांत तो प्राणी आहे अशा मनुष्याचाही समावेश केलेला आहे. म्हणजे ज्या दिवशीं कुत्रें आपल्या अंगणांत बांधलें, त्या दिवसापासून आपणही त्याचे मालक. त्यास पुरेसें अन्न, पाणी व निवारा न देणें, किंवा आंखूड अगर जड साखळीनें गैरवाजवी वेळ बांधून ठेवणें, हा गुन्हा होय. "कुत्रें शेजाऱ्याचें आहे" ही सबब तेथें चालत नाहीं. तसेंच २०२३ च्या भारतीय न्याय संहितेच्या २९१ व्या कलमाप्रमाणें, आपल्या ताब्यांतील जनावरापासून मनुष्याच्या जिवास धोका अगर जबर दुखापत होण्याचा संभव असतां जो पुरेशी खबरदारी घेत नाहीं, तो शिक्षेस पात्र होतो.

मात्र सगळा भार ठेवून घेणाऱ्यावरच आहे असें नाहीं. १८७२ च्या करार अधिनियमाच्या दृष्टीनें हें कुत्रें म्हणजे एक प्रकारची ठेव होय. सामान्य विवेकी मनुष्य स्वतःच्या वस्तूची जेवढी काळजी घेतो तेवढी ठेवीची घ्यावी, असें तो सांगतो. पण ठेव देणाऱ्यानेंही तिच्यांतील आपणांस ठाऊक असलेला दोष आधीं सांगितला पाहिजे. अधिनियमांत उदाहरण घोड्याचें आहे : घोडा द्वाड आहे हें ठाऊक असतां तें न सांगतां एकानें तो दुसऱ्यास दिला, घोडा उधळला, स्वार पडून जखमी झाला, तर त्या नुकसानीस देणारा जबाबदार. घोड्याच्या जागीं चावरें कुत्रें घातलें कीं मुद्दा ध्यानीं येईल. सबब 'हें पूर्वीं कोणास चावलें आहे काय ?' असें विचारण्यांत उद्धटपणा नाहीं. मोबदला न घेतां ठेव सांभाळिली तरी तिच्यावरील आवश्यक खर्च धन्यानें भरून द्यावा, असाही नियम आहे. म्हणून अन्न व औषध यांच्या खर्चाचें बोलणें आरंभींच झालेलें बरें.

याहून मोठा प्रश्न आरोग्याचा. पिसाळलेल्या कुत्र्याच्या लाळेंतून होणाऱ्या रेबीज रोगाचीं लक्षणें एकदां प्रकट झालीं म्हणजे मनुष्य बहुधा वांचत नाहीं. जागतिक आरोग्य संघटना सांगते कीं, संशयित जनावरें ज्यांस चावतात त्यांपैकीं शेंकडा ४० हीं १५ वर्षांखालील मुलें असतात. तरी हा रोग टाळतां येतो. १८८५ सालीं लुई पाश्चर यानें जोसेफ मायस्टर या ९ वर्षांच्या मुलास लस टोचविली व तो मुलगा वांचला. आज कुत्र्यासही लस मिळते. पहिली वयाच्या सुमारें तिसऱ्या महिन्यांत व पुढें साधारणपणें दर वर्षीं. पहिली लस टोचल्याबरोबर अंगीं प्रतिकारशक्ति येत नाहीं, कांहीं आठवडे जावे लागतात. म्हणून प्रवासाच्या आदल्या दिवशीं प्रथमच टोचून आणलेलें पिलूं सुरक्षित समजूं नये. दाखला मागावा व त्यावरील तारीख वाचावी. इतकेंही करून दांत लागलाच, तर जखम साबण व वाहत्या पाण्यानें १५ मिनिटें धुवावी, तिजवर हळद, चुना किंवा तिखट लावूं नये, आणि त्याच दिवशीं दवाखाना गांठावा.

आतां कुत्र्याच्या बाजूनें पाहूं. वैशाखांत जळगांव-भुसावळकडे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. मनुष्यास घाम येतो. कुत्रें मुख्यतः धापा टाकूनच अंग थंड करतें. पत्र्याच्या छपराखालीं बांधलेलें कुत्रें दुपारच्या एका प्रहरांत दगावूं शकतें. आपण प्रेमानें घातलेलें भरीतही त्यास बाधतें, कारण त्यांतील कांद्याची पात व लसूण कुत्र्याच्या रक्तांतील तांबड्या पेशींचा नाश करतात. शिवाय नव्या घरीं आलेलें कुत्रें पहिले कांहीं दिवस आपल्या जुन्या घराची वाट शोधीत असतें. धुळ्यास मुंबई-आग्रा व सुरत-नागपूर हे दोन मोठे रस्ते मिळतात, आणि जळगांवावरूनही दुसरा जातोच. दार उघडें राहिलें तर त्या वाहनांपुढें कुत्र्याचा निभाव कसा लागावा?

विद्यार्थिमित्रहो, टाळ्या पिटण्यापूर्वीं एक हिशेब करा. पहांटे त्यास कोण फिरवील ? घाण कोण काढील ? दुपारीं पाणी कोण बदलील ? या तिन्ही प्रश्नांचें उत्तर 'आई' असें येत असेल, तर होकार देण्याचा अधिकार आईचा आहे, तुमचा नव्हे. आणि पालकांनीं घरांत रांगतें मूल, आजारी म्हातारें माणूस किंवा कुत्र्यास भिणारें कोणी असेल तर तेथेंच थांबावें.

सर्व गोष्टी अनुकूल असतील तर कुत्रें आनंदानें ठेवावें. पण लसीचा दाखला, नेहमींचें खाणें, पशुवैद्याचें नांव, धन्याचा फोन नंबर व परत नेण्याची तारीख कागदावर लिहून घ्यावी. अनुकूल नसतील तर मधला मार्गही आहे : घरीं न आणतां, सकाळ-संध्याकाळ शेजाऱ्याच्याच अंगणांत जाऊन त्यास खाऊं-पिऊं घालावें व फिरवावें. मात्र उन्हाळ्यांत दुपारचीही एक फेरी हवीच. तेंही जमत नसेल, तर शेजाऱ्यास प्रवासाच्या पुरेसें आधीं स्पष्टपणें 'नाहीं' सांगावें, म्हणजे त्यास दुसरी व्यवस्था पाहतां येईल. नाराज झालेला शेजारी चार दिवसांनीं पुन्हां बोलूं लागतो. पण भिडेनें ठेवून घेतलेलें आणि मग हयगयीनें हरवलेलें कुत्रें त्यास कोठून आणून द्यावयाचें?