पुराव्याचे जतन आणि दिवाणी न्यायालयाच्या अधिकाराची मर्यादा

नाहूर येथील औद्योगिक वसाहतीतील एखादा गाळा उदाहरणादाखल घ्यावा. जुन्या कारखान्यातून फुटून निघालेला भागीदार त्याच कारखान्याच्या रेखाचित्रांवरून साचे घडवून माल काढीत आहे, असा वादीचा आरोप आहे. दाव्याची नोटीस हाती पडताच साचे टेम्पोत घालून हलविण्यास एक रात्र पुरते. संगणकातील नोंदी पुसण्यास तेवढाही अवधी लागत नाही. उलटपक्षी, प्रतिवादीचे म्हणणे ऐकल्यावाचून त्याच्याविरुद्ध आदेश देऊ नये, हे दिवाणी न्यायाचे मूलतत्त्व होय. नोटीस द्यावी तर पुरावा जातो, न द्यावी तर तत्त्व जाते, असा हा पेच आहे.

दिवाणी प्रक्रिया संहिता, 1908 मधील आदेश 39, नियम 7 हा या पेचावरील आपल्याकडील मुख्य तोडगा. दाव्याचा विषय असलेल्या, किंवा जिच्याविषयी दाव्यात प्रश्न उपस्थित होऊ शकेल अशा मालमत्तेचे जतन व तपासणी करण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते, आणि त्यासाठी पक्षकाराच्या ताब्यातील जागेत प्रवेश करण्याचा अधिकारही एखाद्यास देऊ शकते. नियम 8 प्रमाणे प्रथम नोटीस आवश्यक आहे. मात्र विलंबाने आदेशाचा हेतूच विफल होणार असेल तर ती वगळता येते.

हा अधिकार कोठपर्यंत ताणावा, याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने 1960 साली पदमसेन विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या निकालात दिले. प्रकरण मोठे विलक्षण होते. गाझियाबाद येथे वचनचिठ्ठ्यांवरील दाव्यांत प्रतिवादींना भीती वाटली की, सावकार आपल्या वह्यांत फेरफार करील. मुन्सफाने एका वकिलास कमिशनर नेमून त्या वह्या ताब्यात घेतल्या. पुढे वह्यांना हात लावू द्यावा म्हणून त्या कमिशनरला लाच देऊ केल्याचा खटला झाला, आणि कमिशनरची नेमणूक वैध होती काय, हाच प्रश्न निर्णायक ठरला. न्यायालयाने ती नेमणूक अवैध ठरविली. कलम 151 मधील अंगभूत अधिकार हे कार्यपद्धतीपुरते असून पक्षकाराच्या स्वतःच्या मालमत्तेवरील हक्कास ते बाध आणू शकत नाहीत. पक्षकाराने वह्या हजर केल्या नाहीत तर प्रतिकूल अनुमान काढावे, फेरफार केला तर त्यांची किंमत पुराव्याच्या वेळी ठरवावी. बळाने त्या जप्त करू नयेत. कमिशनर लोकसेवक ठरत नसल्याने आरोपी सुटले.

या भूमिकेत तर्कशुद्धता आहे, पण प्रतिकूल अनुमानाने नाहूरच्या वादीचे कितपत समाधान होईल, ही शंका राहते. जे साचे अस्तित्वात होते हेच सिद्ध करता येत नाही, त्यांच्याविषयी अनुमान तरी कशावरून काढावयाचे?

इंग्लंडमध्ये हीच अडचण 1975 सालच्या अँटन पिलर खटल्यात अपील न्यायालयापुढे आली. विद्युतयंत्रे बनविणाऱ्या जर्मन कंपनीला आपले इंग्रज प्रतिनिधी गुप्त माहिती स्पर्धकांना पुरवितात असा संशय होता. न्यायालयाने एकतर्फी तपासणीचा आदेश दिला, परंतु न्यायमूर्ती ऑर्मरॉड यांनी अटी कडक घातल्या: वादीची बाजू प्रथमदर्शनी अत्यंत प्रबळ असावी, हानी फार गंभीर असावी, आणि प्रतिवादीजवळ तसा पुरावा असून तो नष्ट होण्याचा खरा संभव असावा. हा झडतीचा हुकूम नव्हे, हेही स्पष्ट झाले. दार फोडता येत नाही. प्रवेश नाकारणारा मात्र अवमानास पात्र ठरू शकतो. पुढे कोलंबिया पिक्चर्स विरुद्ध रॉबिन्सन या खटल्यात अशा आदेशाच्या अतिरेकी अंमलबजावणीबद्दल खुद्द वादीलाच नुकसानभरपाई द्यावी लागली.

भारतात व्यापारचिन्हांपुरती ही उणीव 1999 च्या कायद्यातील कलम 135 ने भरून काढली. तेथे ‘दस्तऐवज किंवा अन्य पुरावा’ जतन करण्याचा एकतर्फी आदेश देता येतो, असे शब्दच आहेत. गुप्त व्यापारी माहितीच्या वादात मात्र वादीला पुन्हा नियम 7 च्या शब्दांवरच भिस्त ठेवावी लागते, आणि मागितलेली वस्तू केवळ पुरावा आहे की जिच्याविषयी दाव्यात प्रश्न उद्भवतो अशी मालमत्ता आहे, हे दाखवावे लागते.

नाहूर बृहन्मुंबईत येत असल्याने असा अर्ज दाव्याच्या मूल्यानुसार नगर दिवाणी न्यायालयात किंवा उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत जातो. उच्च न्यायालयात हे काम बहुधा कोर्ट रिसीव्हरकडे सोपविले जाते. गाळ्यावर पोचल्यावर खरी कसोटी लागते. साचे मोजून, मोहोरबंद करून जागीच ठेवले तरी हेतू साधतो. संगणक उचलून नेला तर मात्र निर्दोष ठरणाऱ्याचाही धंदा बसतो. म्हणून त्याची प्रत काढणे अधिक न्याय्य. 2023 च्या भारतीय साक्ष अधिनियमातील प्रमाणपत्रात हॅश-मूल्य नोंदवावे लागते. प्रत काढतेवेळीच ते टिपून दोन्ही पक्षांच्या सह्या घेतल्या, तर पुढे फेरफाराचा आरोप कोणावरही सहजासहजी टिकत नाही.